लिलींचा हिवाळा चिलरमध्ये

"फेकून दे लाह. डेड," मिस्टर लिम आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले.

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिस टॉवरच्या गच्चीवर, तळ्याकाठी आम्ही उभे होतो. लिम माझे बॉस. त्यांच्या लँडस्केप कंपनीत मी हॉर्टिकल्चरिस्ट, म्हणजे झाडांची जबाबदारी माझी. तळ्यात तीस कुंड्या होत्या, थंड देशातून मागवलेल्या वॉटर लिलीच्या. पहिल्या वर्षी भरभरून फुलल्या. दुसऱ्या वर्षी बशीएवढी पानं बिस्किटाएवढी झाली आणि फुलं बंद. आमच्या धंद्याची रीत सरळ आहे. पिवळं पडलं की उचला, नवीन ठेवा.

मी कोपरापर्यंत हात घालून कंद चाचपला. टणक होता.

"मेल्या नाहीत, दमल्यात," मी म्हटलं. "यांना हिवाळा हवा."

"सिंगापूरमध्ये?"

प्रश्न रास्त होता. थंड देशात तळं गोठायला लागलं की लोक या कुंड्या खोल तळाशी सरकवतात, जिथे बर्फ पोचत नाही. नाहीतर कंद काढून तळघरात ठेवतात. पानं झडतात, कंद झोपतो, थंडी सरली की उठतो. इथे बारा महिने उकाडा. बिचाऱ्यांना झोपायची सोय नाही. कंपनीत विकायच्या गुलाबांसाठी चार डिग्रीचा चिलर, म्हणजे थंड खोली, होती. त्यातली एक फळी मी दहा आठवड्यांसाठी मागितली.

"माझ्या गुलाबांत चिखल? आणि क्लायंटला काय दाखवू, नुसतं पाणी?"

"तोवर इथल्या जातीच्या लिली लावते. नर्सरीत पडूनच आहेत."

लिमनी तळ्यातल्या कुंड्यांवर नजर फिरवली. मग म्हणाले, "उगवल्या नाहीत, तर तुझ्या पासच्या रिन्यूअलवर मी सही करणार नाही."

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, या नोकरीला बांधलेला. नवरा आणि मुलगी माझ्याच पासवर. सही नाही म्हणजे मुलीची शाळा अर्ध्यात सोडवून पुण्याला परत. पण डोकं सणकलं.

"चालेल," मी म्हटलं.

बेडोकच्या आमच्या फ्लॅटवर मंदारने, माझ्या नवऱ्याने, कपाळावर हात मारला. "अगं, कंदांसाठी पैज लावलीस?"

"पंधरा वर्षं हेच करतेय मी. आणि तो माणूस कंदाला हात न लावता मला डेड सांगतो!"

कंद धुतले, पानं छाटली. आणि इथे मी माती खाल्ली. घरी कोथिंबीर ठेवतो तसे कंद ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधले. कोथिंबीर आठवड्यात संपते, हे काही डोक्यात आलं नाही. पाचव्या आठवड्यात लिमनी एक पिशवी उघडली. आत काळा लगदा. वास असा की गुलाबवाली मुलगी बाहेर पळाली.

"सी? बघितलंस?" लिम म्हणाले.

मी सगळ्या पिशव्या त्यांच्यासमोरच उघडल्या. सहा कंद सडले होते.

"हे सहा माझ्या चुकीने गेले. हवा ठेवली नाही मी," मी सांगितलं. "चोवीस टणक आहेत. दाबून बघा."

त्यांनी दाबला नाही. मी उरलेले कंद दमट मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, ठेवले, पिशव्यांना भोकं पाडली आणि फळीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावली: सोनालीला विचारल्याशिवाय हात लावू नये. लिमनी ती काढली. मी दुसरी लावली.

दहा आठवडे झाल्यावर कंद पुन्हा कुंड्यांत लावून गच्चीवर नेले. पहिला आठवडा काहीच नाही. दुसराही तसाच गेला. रोज सकाळी मी पाण्यात डोकं घालून बघायची. मंदारने न सांगता पुण्यातल्या शाळांची चौकशी सुरू केली होती. ते मला कळलं. भीती मलाही वाटत होतीच.

सोळाव्या दिवशी एका कुंडीत लालसर टोक दिसलं. महिन्याभरात एकवीस कुंड्यांना पानं फुटली, आणि मग पहिलं गुलाबी फूल आलं. क्लायंटची मॅनेजर फोटो काढत सुटली. लिम तिला समजावत होते, "ही आमच्या कंपनीची खास विंटर ट्रीटमेंट." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्रोशरमध्ये टाकू या."

"टाकू या की," मी म्हटलं, आणि बॅगेतून पासचा फॉर्म काढला. पेनही माझंच दिलं. मॅनेजर बघत होती. त्यांनी तळ्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली.

हा फॉर्म सोमवारी ऑफिसात दिला असता तरी चाललं असतं, असं मंदार म्हणतो. त्याला या धंद्यातलं कळत नाही. वॉटर लिलीचं फूल तीन-चार दिवसच टिकतं. बॉसची सही ते कोमेजायच्या आत घ्यावी.