पोशीरच्या बाईंचा पहिला तास

डिंकाचा वास आला की मला शाळेचं वेळापत्रक आठवतं. सत्तरच्या दशकात कर्जतकडच्या एका शाळेत मी शिक्षक होतो आणि दर जूनमध्ये वेळापत्रक आखून पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम माझ्याकडे असे. त्या वर्षी पोशीरहून चालत येणाऱ्या नव्या बाई म्हणाल्या, "भाऊ, बाळ अजून अंगावर पितंय. पहिला तास तेवढा देऊ नका." मी हो म्हटलं. पण हेडमास्तरांना त्यांच्या जागी स्वतःची पुतणी आणायची होती. "रोज पहिला तास त्यांनाच द्या," ते म्हणाले. डाव कळूनही मी तसंच लिहिलं. दिवाळीपर्यंत उशिराचे शेरे साठले आणि बाईंची नोकरी गेली. निघताना त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या शब्दावर मी नेरळची नोकरी नाकारली होती." मी मात्र निवृत्त होईपर्यंत तिथेच वेळापत्रकं आखत राहिलो.