पावडरीत पावडर मिसळायची नसते

जेवणं झाली का मंडळी? आज मी चक्क बंदुकीच्या दुकानात जाऊन आले! आमची नात ईशा इथे ऑकलंडात रायफलच्या गोळ्या गॅरेजमध्ये स्वतः भरते. शनिवारी मैत्रिणींबरोबर तिची हरणाची पहिली शिकार, आणि नेमकी तिची नेहमीची पावडर, म्हणजे गोळीत भरायची दारू, दुकानात संपलेली.

दुकानदाराने दुसरा डबा काढला. "ही जवळपास तशीच आहे."

कोणत्या गोळीत कोणती पावडर किती भरायची, ते सांगणारं पुस्तक ईशाने पिशवीतून काढून त्यावर बोट फिरवलं. "माझ्या गोळीसाठी ही यात नाहीये. नो थँक्स."

मला राहवेना. "अगं, घरी तुझी थोडी उरलीय ना? त्यातच ही मिसळ. मी नाही का दोन पिशव्यांचं पीठ एका डब्यात ओतत?"

"आजी, नो! रायफल हातात फुटेल!" पोरगी ओरडलीच.

मग तिने मैत्रिणींना फोन केला, "यू गाईज जा, मी नेक्स्ट टाइम." डोळ्यांत पाणी, पण आवाज ठाम.

माझा सगळा जन्म अंदाजाने गेला. आमटी खारट झाली, ओता पाणी! हिला कुठे अंदाज चालत नाही ते कळतं. गाडीत बसल्यावर मी तिचा पापाच घेतला.

तुमची नातवंडं तुम्हाला असं भर दुकानात गप्प करतात का हो? माझी करते, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेय!