बदली बस कुठे गेल्या?

ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिचा धाकटा दीर शेजारच्याच टेबलावर बसे. वहिनी म्हणजे ताजं दूधही आधी हुंगून पाहणारी बाई. शहरातल्या बस आत्ता कुठे आहेत हे थांब्यांवरच्या पाट्यांवर दाखवणारा प्रोग्रॅम दोघं मिळून सांभाळत. गर्दीच्या वेळी मशीनची मेमरी भरायची आणि प्रोग्रॅम धापा टाकायचा.

"एका बसची नोंद अठ्ठेचाळीस बाइटची. मी मोजलीय," दीर म्हणाला.

"कशानं मोजलीत, भाऊजी?"

"प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय, तिच्यातलंच माप आहे की."

वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. भाऊजी काही लपवताहेत का, असंही वाटून गेलं. तिनं नुसत्या नोंदीच लाखोंनी बनवल्या, मशीनची मेमरी आधी किती आणि नंतर किती ते पाहिलं आणि भागाकार केला. नोंद तिपटीहून जड निघाली! ते माप नुसती पिशवी तोलत होतं, आतला माल नाही. पुढेमागे कुणी काही जादा माहिती चिकटवली तर जागा असू दे म्हणून प्रत्येक नोंद एक ऐसपैस पेटारा काखोटीला मारून हिंडत होती.

तिनं पेटारे काढले, ठरलेले चारच कप्पे ठेवले. मेमरी धाडकन खाली आली. साहेबांनी खूश होऊन सगळ्यांसाठी चहा मागवला. वहिनीनं कपाला हात लावला नाही.

"एवढी कशी उतरली? माझ्या हिशेबात बसत नाही."

"आता स्वतःवरही संशय?"

"स्वतःवर आधी."

ती खाली थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली, माणसं चढली, बस गेली; पाटीवर मात्र तिचा पत्ताच नव्हता. काचेवर 'बदली गाडी' असा कागद होता. त्या आठवड्यात दुरुस्तीपायी अशा गाड्याच जास्त धावत होत्या.

वर येऊन तिनं कोड उलगडला. बदली गाडीच्या नोंदीला एक खूण चिकटवली जाई. आता पेटारा गेल्यानं चिकटवायला जागाच नाही, म्हणून प्रोग्रॅममध्ये चूक होई. आणि ती चूक कुणाला न कळवता गुपचूप गिळून अख्खी नोंदच टाकून दिली जाई; म्हणून मेमरी हिशेबाबाहेर उतरली होती. त्या गिळणाऱ्या ओळी दिराच्या होत्या.

"हे मुद्दाम केलंत?"

त्याचा चेहरा पडला. "नाही हो, वहिनी. प्रोग्रॅम मध्येच बंद पडू नये म्हणून लिहिलं, आणि विसरलो."

तिनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. खोटं बोलताना तो कान खाजवी. आज हात मांडीवरच होते. तिनं खुर्ची त्याच्याकडे सरकवली. दोघांनी मिळून बदलीसाठी पाचवा कप्पा केला, चूक लपणार नाही असं पाहिलं. मेमरी थोडी वर चढली, साहेब जरा हिरमुसले. पण सगळ्या बस पाटीवर परतल्या.

दुसऱ्या दिवशी दीर आपणहून तिच्या टेबलाशी आला. "वहिनी, माझ्या बाकीच्या ओळीही जरा संशयाच्या नजरेनं बघता का?"