मास्तरणीच्या पोटातली टाकी

त्याला सगळे चिमटा म्हणत. अंगानं तो तसाच होता, दोन लांब पाय आणि वर सांगण्यासारखं काही नाही. शिवाय शर्टाच्या खिशात बारीक टोकाचा एक चिमटा कायम खोचलेला. विमानाच्या कारखान्यात तो रंगखात्यात कामाला होता. त्या कारखान्यात एकच विमान बनायचं, नव्या वैमानिकांना शिकवायचं जेट. पुढं शिकणारा बसायचा, मागं शिकवणारा, आणि दोघांच्या डोक्यावर एकच लांबट काच. साहेब लोकांच्या कागदावर त्या विमानाला नंबर होता. कामगार त्याला मास्तरीण म्हणत, कारण नंबराला शिव्या घालता येत नाहीत आणि नंबरावर जीवही जडत नाही.

दिवसभर खरी मास्तरीण रंगवून चिमटा घरी यायचा आणि चहा घेऊन पुन्हा मास्तरीणच करायला बसायचा, वीतभर लांबीची. बाजारात तिचा प्लास्टिकचा संच मिळायचा. तुकडे सुटे करायचे, चिकटवायचे, फटीत पुट्टी भरायची, घासायचं, रंग मारायचा. पण खोक्यावरच्या चित्रातलं विमान त्यानं आयुष्यात एकदाच केलं. पुढं सुरू झालं त्याचं 'असती तर'. मास्तरीण जहाजावरून उडाली असती तर शेपटीखाली उतरताना दोर पकडायचा आकडा आला असता, पंख मधून दुमडले असते. मागची खुर्ची काढून तिथं कॅमेरे बसवले असते तर काच निम्मी झाली असती. बर्फाळ मुलखानं तिला विकत घेतलं असतं तर पंखांची टोकं भगवी रंगवली असती, म्हणजे पडलीच तर शोधायला सोपी. प्रत्येक विमानामागं तो पूर्ण कहाणी रचायचा. कुणी मागवलं, का मागवलं, कुठल्या तळावर ठेवलं, सगळं ठरलेलं. कुणी न मागवलेली आणि कुणी न बनवलेली विमानं त्याच्या काचेच्या कपाटात ओळीनं उभी असायची आणि पाहणाऱ्याला वाटायचं, अरे, हे आपण पाहिलंय कुठंतरी.

त्याची बायको कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होती. सगळे तिला वहिनी म्हणत, वयानं मोठे असलेले वॉचमनसुद्धा. ती म्हणायची, आमच्या घरात एवढी विमानं, पण मला माहेरी सोडायला एकही कामाचं नाही. जोडकामावरचा ढोल्या तर रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला नवीन फर्माईश करायचा. एकदा म्हणाला, चिमट्या, अशी एक मास्तरीण काढ की फोरमन आत बसला रे बसला की खुर्ची आपोआप वर उडेल. चिमटा हसायचा नाही. विचारात पडायचा, आणि मग ढोल्याच जास्त हसायचा.

मग मागणी आटली. हवाईदलाला बाहेरचं नवं विमान हवं होतं आणि मास्तरीण म्हातारी ठरली. एके दिवशी फाटकावर नोटीस लागली की कारखाना बंद करण्याचा विचार चालू आहे, कामगारांच्या काही सूचना असतील तर त्या बैठकीत ऐकल्या जातील. कायद्यानं विचारावं लागतं म्हणून विचारलं होतं. दारातल्या माणसाला जेवणार का म्हणून विचारावं आणि आत भांडी घासून पालथी घातलेली असावीत, तसलं ते विचारणं. युनियनच्या पुढाऱ्याला हे कळत होतं. तो म्हणाला, फाटकावर बसू, रस्ता अडवू, पेपरवाल्यांना बोलवू. चिमटा म्हणाला, बसू की, पण बैठकीला मला घेऊन चल, माझ्याकडं एक मास्तरीण आहे.

त्याची कल्पना साधी होती. दर उन्हाळ्यात डोंगरातली जंगलं पेटायची आणि विझवायला विमानं पुरायची नाहीत. मास्तरीण हळू उडू शकते, खाली उतरू शकते, छोट्या धावपट्टीवर भागवते. तिच्या पोटात, थोडी खाली डोकावणारी पाण्याची टाकी बसवली तर? विमान तेच, साचे तेच, हात तेच. फक्त नवं गिऱ्हाईक. पुढाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हे तोंडानं सांगितलंस तर हसतील. दाखवता येईल?

चिमट्यानं ती केली. वहिनीकडून कॅन्टीनचे दोन प्लास्टिकचे चमचे घेतले, दांडे तोडले, वाट्या एकमेकींवर पालथ्या चिकटवल्या आणि घासून घासून त्यातून अशी टाकी काढली की ती विमानाच्या पोटातूनच उगवल्यासारखी दिसावी. वर तांबडा रंग, खाली पांढरा, शेपटीवर काळे आकडे. विमान पितळी काडीवर किंचित कलतं बसवलं, जणू दरीवरून वळतंय. उडतं दाखवायचं म्हणून चाकं लावली नाहीत, चाकांच्या झडपा बंद करून चिकटवल्या आणि फटी अशा बुजवल्या की नखालाही लागू नयेत. सुट्टीच्या दिवशी माणसं घरी येऊन ते पाहू लागली. ढोल्यानं ते तळहातावर घेतलं आणि त्याला एकही फर्माईश सुचली नाही. जाताना एवढंच म्हणाला की हे उडेल बरं का. खात्याखात्यात ते पसरलं. ज्यांनी दुसरीकडं अर्ज टाकायचं ठरवलं होतं त्यांनी टाकले नाहीत. एका माणसानं तयार केलेल्या वीतभर प्लास्टिकवर एवढी माणसं टेकून उभी राहिली आणि चिमट्याला ते ओझं कळलं नाही. तो खूश होता. लग्नानंतर वहिनीनं त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

बैठकीत मोठे साहेब होते, त्यांचे दोन-तीन होयबा होते आणि डिझाइनखात्यातल्या एक मॅडम होत्या. चिमटा बोलला. अडखळत, पण बोलला सगळं. मोठ्या साहेबांनी विमान काडीसकट उचललं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं की हे हातानं केलंय का, फारच सुबक आहे. एक होयबा म्हणाला की आपल्या स्वागतकक्षात शोभेल. एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण मॅडम उठल्या. त्या खोलीत त्या एकट्याच अशा होत्या ज्यांना खरंच वाटलं की हे होऊ शकतं. त्यांनी विमान खिडकीशी नेलं, पोटावरून बोट फिरवलं, मग थांबल्या.

"काका, चाकं कुठं जातात?"

"आत," चिमटा म्हणाला.

"आत तर टाकी आहे."

मास्तरणीची दोन्ही मोठी चाकं उडाल्यावर आतल्या बाजूला दुमडतात आणि पोटातच जाऊन बसतात. टाकी नेमकी तिथंच होती. आता कुणी म्हणेल, एवढी वर्षं कारखान्यात काढून माणसाला हे माहीत नाही? नव्हतं. रंगखात्यात विमान यायचं ते आपल्या चाकांवर उभं, आणि चाकांच्या खोबणी आधीच तपकिरी कागदानं आणि चिकटपट्टीनं झाकलेल्या, रंग आत उडू नये म्हणून. कागदामागं काय आहे ते पाहायचं त्याचं काम नव्हतं. आकाशात ते विमान दिसायचं तेव्हा झडपा बंद. उघडी खोबण त्यानं पाहिली नव्हती आणि मिटलेलं चाकही पाहिलं नव्हतं. त्याला मास्तरणीची कातडी पाठ होती, इंचाइंचानं, आणि तेवढीच पाठ होती. घरच्या छोट्या विमानांतही तेच. चाकं चिकटवायची, नाहीतर झडपा चिकटवायच्या. दुमडून कुणी बघत नाही.

मॅडम लगेच म्हणाल्या की टाक्या पंखांखाली घेता येतील, हिशेब करून बघू, मला थोडा वेळ द्या. पण मोठ्या साहेबांच्या तोंडावर जे आलं ते पुढाऱ्यानं बरोबर टिपलं, सुटका झाल्यावर येतं ते. म्हणजे तांत्रिक अडचण आहे तर, साहेब म्हणाले, आणि फाइल मिटली.

कारखाना बंद होणार असल्याची नोटीस लागली. माणसं एकमेकांना सांगत होती की चाकानं घात केला. सांगताना ती चिमट्याकडं बघायची नाहीत, हाच काय तो लिहाज. एकजण मात्र नळावर सगळ्यांदेखत बोलला, टाकी बसवायच्या आधी वाकून बघायला काय झालं होतं? चिमटा त्याला म्हणाला, तुझं बरोबर आहे. त्यानंतर तो मागच्या गल्लीनं ये-जा करू लागला. घरी त्यानं नवं विमान सुरू केलं, टाक्या पंखांखाली, चाकं खरंच दुमडतील अशी, बारीक तारेच्या बिजागरींवर. तासन् तास चाकं आत घालायची, बाहेर काढायची, पुन्हा आत घालायची.

तेव्हा वहिनी त्याच्यापुढं बसली आणि पोटात ठेवलेलं बोलली. फाटकावर पहिली नोटीस लागली त्याच्याही आधी कॅन्टीनच्या मॅनेजरनं तिला सांगितलं होतं की आता महिन्यापुरताच किराणा भरायचा, गॅसचा करार पुढं वाढवायचा नाही. एक माणूस टेप घेऊन आला होता आणि मोठ्या पातेल्यांची, शेगड्यांची मापं घेऊन गेला होता, विकायला. म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. बैठक म्हणजे नाटक. तिनं त्याला सांगितलं नाही, कारण तो ते चमचे घासत गाणं गुणगुणत होता.

चिमट्यानं ऐकलं आणि चाक पुन्हा आत घातलं.

वहिनी हेच पुढाऱ्याला सांगून आली. पुढारी उडालाच. सूचना मागवायच्या आधीच कारखाना बंद करायचं ठरलं असेल तर ते बंद करणं बेकायदा, हे त्याला तोंडपाठ होतं. त्यानं कामगार अधिकाऱ्यापुढं तक्रार लावली. कॅन्टीनचा मॅनेजर आता काहीच आठवत नाही म्हणत होता, त्यामुळं वहिनीच्या साक्षीला जोड हवी होती. बैठकीत सूचना मांडणारा माणूस एकच होता. पुढाऱ्यानं चिमट्याला समोर बसवून पढवलं. जास्त बोलायचंच नाही. ते विचारतील, तुमची सूचना ऐकली गेली का? तू म्हणायचं, नाही, नुसता देखावा होता. चिमट्यानं मान हलवली. लोकांच्या डोळ्यांत पुन्हा थोडा उजेड आला. ढोल्या त्याच्या घरी जाऊन बसला, पाठीवर हात ठेवून म्हणाला की चाकाचं विसर, आता तूच वाचवणार बघ.

सुनावणीची खोली लहान होती. पंखा होता, चालत नव्हता. वहिनी चांगली बोलली, किराणा, गॅस, पातेली, सगळं क्रमानं. कंपनीच्या वकिलानं तिला दोनदा डिवचलं, ती हलली नाही. म्हणाली, साहेब, दोनशे माणसांच्या भाताचं पातेलं कुणी हौसेनं मोजत नाही. अधिकारीसुद्धा हसला. मग चिमट्याला पुढं बोलावलं. वकिलानं पिशवीतून ते तांबडं-पांढरं विमान काढून टेबलावर ठेवलं. बैठकीनंतर ते साहेबांकडंच राहिलं होतं.

"तुमची सूचना ऐकली गेली का?" वकिलानं विचारलं.

चिमटा विमानाकडं बघत राहिला. पुढाऱ्यानं खुर्चीतून घसा खाकरला.

"ऐकली," चिमटा म्हणाला. "मॅडमनी हातात घेऊन उजेडात पाहिली. साहेबांनी उलटी करून पाहिली. नीट पाहिली सगळ्यांनी. टाकी बसत नव्हती. चूक माझी होती."

अधिकाऱ्यानं ते शब्द टाइप करून घेतले. वकिलानं दुसरा प्रश्न विचारला नाही, त्याला लागणार नव्हता. कामगारांच्याच माणसानं सांगितलं होतं की सूचना नीट ऐकली, तपासली आणि जमली नाही म्हणून सोडली. पुढाऱ्यानं आपले कागद गोळा केले आणि चिमट्याकडं न बघता निघून गेला.

जिन्यात वहिनीनं नवऱ्याला थांबवलं.

"तुम्हाला मी सांगितलं होतं ना, आधीच ठरलं होतं म्हणून?"

"टाकी बसत नव्हती, हे खरं की खोटं?"

"बसली असती तरी त्यांनी तेच केलं असतं. त्यांनी तुमच्या विमानाकडं बघितलंसुद्धा नाही हो."

त्यानं कठडा धरला. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याला नीट मांडता येईना, कधीच आलं नव्हतं. चूक आपली असली, तर ती टाळली असती तरी काहीतरी झालं असतं. मापं बदलली असती, टाकी सरकवली असती, आणि कारखाना आज चालू असता. पण कुणी बघितलंच नाही म्हटलं, की मग काहीच नाही. मग ती कपाटातली सगळी ओळ नुसतं प्लास्टिक.

"मग मी एवढे दिवस काय केलं?" तो म्हणाला.

वहिनीनं पदर नीट केला आणि पायऱ्या उतरू लागली. तो मागून उतरला.

खाली रस्त्यावर खात्याखात्यातली माणसं उन्हात उभी होती. पुढारी त्यांच्यातून घुसून न बोलता निघून गेला होता आणि ती त्याच्या घाईचा अर्थ लावत होती. ढोल्या पुढं आला, घामेजलेला, आशेनं तोंड उघडं.

"काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं," चिमटा म्हणाला.

"शाब्बास," ढोल्या म्हणाला आणि त्यानं त्याला मिठीच मारली. मग मागं वळून बाकीच्यांना ओरडून सांगितलं की आपल्या माणसानं खरं सांगितलंय. त्यांच्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. वहिनी फुटपाथच्या कडेला उभी राहून त्या टाळ्या थांबायची वाट बघत होती, कारण पुढचं तिलाच सांगावं लागणार होतं.