दहा फुटांची वाट

तरुणपणी मला सरळ रेषेचं वेड होतं. कुणाच्या घराची भिंत जरा कलली असली तरी माझं डोकं दुखायचं, आणि आमच्या गावात न कललेली भिंत शोधावी लागे. गाव आपल्या नगर जिल्ह्यातलंच, पाथर्डीच्या रस्त्यावरचं. पाण्याला महाग आणि धुळीला स्वस्त. तिथल्या नगरपालिकेत मी नकाशे काढायचो.

लढाई चालू होती. रॉकेल रेशनवर, सिमेंट परमिटवर, आणि माणसं मात्र वाढत चाललेली. जुन्या गावात प्लेगने घरंच्या घरं रिकामी झालेली म्हाताऱ्यांनी पाहिली होती. म्हणून गावठाणाला लागून मोकळी हवेशीर वस्ती वसवायची ठरली. पुण्याहून एक इंजिनिअरसाहेब आले, नियमांचं एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि दोन दिवसांनी परत गेले. ते पुस्तक मी पोथीसारखं वाचलं. रस्ता तीस फुटांहून अरुंद नको. घरापुढे दहा फूट मोकळे, दोन्ही बाजूंना पाच-पाच. कोपऱ्यावरच्या प्लॉटचा कोपरा छाटायचा, म्हणजे वळणावर समोरून येणारी बैलगाडी दिसते. आणि प्लॉटांची रांग फार लांब झाली, तर तिच्या मधोमध पायी चालणाऱ्यांसाठी दहा फुटांची वाट सोडायची.

बाकीचे सगळे नियम मी पाळले. या शेवटच्या नियमाचं मी काय केलं, ते सांगायला हवं.

तेव्हा आम्ही जुन्या गावातल्या एका बोळात राहायचो. बोळ इतका अरुंद, की समोरासमोरच्या ओट्यांवर बसलेल्या बायकांना जागचं न उठता वाटी हातोहात देता यायची. घरात आम्ही दोघंच, मी आणि आक्का. आक्का माझी थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली, पाठोपाठ आई गेली, आणि तिनेच मला वाढवलं. वडील शाळामास्तर होते, तेही माझ्या मॅट्रिकच्या आधी गेले. लाल आलवण आणि डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, असं आक्काचं रूप मला पहिल्यापासून आठवतं.

समोर एक शेतकरी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना मी मावशी म्हणायचो. दुपारी कामं उरकली की मावशी ओट्यावर यायच्या आणि विचारायच्या, "आक्का, जेवलीस का गं?" आक्का एकदाच जेवते हे त्यांना वीस वर्षं ठाऊक होतं, तरी प्रश्न रोज तोच. मग दोघी शेंगा फोडत, वाती वळत, साऱ्या गावाची उठाठेव करत बसायच्या. आक्काला मोठ्याने हसताना मी फक्त त्या ओट्यावर ऐकलं आहे.

बोळाबाहेर मात्र ती पाऊल टाकत नसे. कामाला निघालेल्या माणसाला विधवा आडवी गेली की तो परत फिरायचा, चप्पल काढून घटकाभर बसायचा, आणि मग निघायचा. हे एकदा तिच्या देखत झालं, आणि तिने मोठा रस्ता सोडला तो सोडलाच. मावशींचं सगळं उलटं. त्या बाजाराला निघाल्या की आधी आमच्या दारात उभ्या राहायच्या. "आक्का, भाईर ये. तोंड बगू दे तुजं, मग जाते. मागल्या खेपंला न्हाई बगितलं, तर शेळी इकायची ऱ्हायली." आक्का लटक्या रागाने बाहेर यायची. तिचा चेहरा तेव्हा उजळायचा.

आणि मी? मी परीक्षेला निघालो, मुलाखतीला निघालो, की आक्का दह्याची वाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि आत निघून जायची. माझ्या कामात विघ्न नको म्हणून. मी दही खायचो आणि चालू पडायचो. तिला बाहेर ये म्हणून मी कधी हाक मारली नाही. मी शिकलेला होतो, नव्या विचारांच्या गप्पा मारायचो, आणि एवढी साधी हाक मला सुचली नाही. याची लाज मला आजही वाटते.

तर नकाशा. नव्या रस्त्याच्या कडेला बारा प्लॉटांची रांग होती. तिची पाठ जुन्या गावाला टेकलेली, आणि रांगेच्या मधोमध दहा फुटांची वाट. ती वाट नेमकी आमच्या बोळाच्या तोंडाशी उतरत होती. एके दिवशी माझ्या डोक्यात हिशेब शिरला. प्रत्येक प्लॉटचे अडीच फूट कमी केले तर तीस फूट निघतात. त्यात वाटेचे दहा मिळवले की चाळीस. म्हणजे अख्खा तेरावा प्लॉट! मी ट्रेसिंगच्या कापडावरच्या त्या दोन बारीक रेषा पात्याने खरवडून काढल्या. साहेब पुण्यात, इथे विचारणारं कुणी नाही. एक प्लॉट वाढला म्हणून कमिटीने माझी पाठ थोपटली आणि पुढे मी मागितला तेव्हा तोच प्लॉट मला दिला. आक्काला हवेशीर घर द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. अगदी खरं सांगतो, त्या बोळाची मला लाजही वाटायची.

लढाई संपता संपता घर उभं राहिलं. पुढे दहा फूट, बाजूला पाच-पाच, आणि मागे सात फुटांची दगडी भिंत. मी ओळंबा लावून ती स्वतः तपासली होती. आक्काने घर पाहिलं, "छान आहे रे," म्हणाली, आणि मी खूश झालो.

पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ती बोलेनाशी झाली आहे. पुढे तीस फुटी रस्ता. त्यावरून माणसं कामालाच जाणार, मग ती पुढच्या दारात कशी बसेल? मावशींचं घर मागच्या भिंतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण तिथून आमच्याकडे यायचं तर सगळ्या रांगेला वळसा घालावा लागे, आणि मावशींचे गुडघे गेलेले. पहिल्या महिन्यात त्या काठी टेकत तीनदा आल्या. पुढच्या महिन्यात एकदा. मग येणं थांबलं. दुपारी भिंतीपलीकडून मावशींचा आवाज यायचा, कोंबड्यांना घालवताना, सुनेवर ओरडताना. आक्का भिंतीला पाठ लावून तो ऐकत बसायची. एकदा मी पाहिलं, ती हळूच म्हणाली, "जेवले गं."

तेव्हा मला कळलं, मी काय खरवडून काढलं होतं ते. ती वाट आमच्या माजघराखालून जात होती.

मागच्या भिंतीला एक दार पाडलं असतं तर भागलं असतं. घराच्या बाजूची पाच फूट जागा मोकळीच होती, ती थेट पुढच्या रस्त्याला निघायची. पण मी पडलो नियमाचा माणूस! बिनपरवाना भिंत फोडणाऱ्यांना नोटिसा लिहिणारा मीच. म्हणून रीतसर अर्ज केला. माझ्या टेबलावरून निघालेला तो अर्ज शेजारच्या टेबलावर जाऊन पडला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी इतरांना हसत सांगायचो.

माघात एके दिवशी संध्याकाळी घरी आलो, तर आक्का मागच्या अंगणात ओला हरभरा सोलत बसली होती. डहाळ्याची जुडी शेजारी, आणि भिंतीला लागून बादली पालथी घातलेली.

"मावशी गेल्या," ती म्हणाली.

मला आधी वेगळंच वाटलं. मग तिने सांगितलं. मावशींच्या मुलांनी राहात्याकडे जमीन केली होती. भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊस होतो तिकडे. सकाळी गाड्या भरल्या, घराला कुलूप लागलं, आणि मावशी काठी टेकत भिंतीपाशी आल्या.

"आक्का, हायेस का गं? निगालो आमी."

"थांब, थांब," म्हणत आक्काने बादली पालथी घातली आणि वर चढली. भिंत सात फुटांची. वर पोचली ती नुसती बोटं. पलीकडे बोळाची जमीन वीतभर उंच, तिथून मावशींनी हात उंच केला. आधी डहाळ्याची जुडी आली, आणि तिच्यामागून त्यांची बोटं.

"तुजं तोंड बगून निगायचं हुतं गं."

"मग आता कशी जाशील?"

"आता काय! निम्मी हितंच ऱ्हाईन."

मुलगा गाडीवरून घाई करत होता. बैल जुंपलेले होते. आक्काने एवढं सांगितलं आणि पुन्हा हरभरा सोलायला घेतला. ती रडली नाही. सोलता सोलता म्हणाली, "भिंत चांगली बांधलीस हो. इतकं रेललो दोघी, एक दगड हलला नाही."

मी शेजाऱ्याकडून पहार आणली आणि अंधार पडायच्या आत त्या भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं. हाताला फोड आले. पलीकडे बोळ होता तसाच होता, समोर मावशींच्या दाराला कुलूप. आक्का म्हणाली, "आता कशाला रे?" तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तिथला चुरा झाडला, पोतं अंथरलं आणि बोळाकडे तोंड करून बसली. तेव्हापासून रोज बसायची. बोळातल्या बाया तिथून नव्या रस्त्याला जाऊ लागल्या, जाता जाता तिच्याशी दोन शब्द बोलू लागल्या. मावशी पुन्हा आल्या नाहीत. राहाता काही विलायतेत नाही, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार?

परवानगी पुढे दीड महिन्याने आली. दार आतून बंद ठेवावे, अशी अट होती. मी भगदाडाला दार बसवलं, पण त्याला कडी लावलीच नाही.

त्यानंतर एकदा मी पुण्याला ओव्हरसीअरच्या परीक्षेला निघालो. उंबऱ्यावर दह्याची वाटी होती आणि आक्का आत. या वेळी मी हाक मारली. "आक्का, बाहेर ये. तुझं तोंड बघून जातो."

आत भांडं वाजलं. मग ती म्हणाली, "वेडा आहेस का? जा, मोटार चुकेल."

मी थांबलो. मोटार चुकेपर्यंत थांबायला हवं होतं. ती बाहेर आली नाही. मावशींसाठी यायची, माझ्यासाठी आली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. निवृत्त होण्याआधी मी ऑफिसातला मूळ नकाशा काढला आणि खरवडलेल्या जागेशेजारी दोन तुटक रेषा मारल्या. मध्ये लिहिलं, वाट. रुंदी पाच फूट. दहा भरत नव्हती, तिथे आमचं घर होतं.

अजूनही परगावी जायचं असलं की मी पुढच्या फाटकाने निघत नाही. पिशवी खांद्याला लावून मागच्या दाराशी येतो. ती बसायची तिथे जरा उभा राहतो, आणि मग जातो.