बशीरसाहेबांच्या वडिलांचा खांब

बशीरसाहेबांचं माझ्यावर जेवढं ऋण आहे, तेवढं दुसऱ्या कुणाचं नाही. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या कार्ल्सरूहेहून त्यांच्या पत्नीचा, रेनाटेबाईंचा फोन आला... साहेब झोपेतच गेले. रडू आलं, पण त्यांची सगळ्यात मोठी काळजी आधीच मिटली होती, हे आठवून मन हलकंही झालं.

मी जिंतूरच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात प्रोफेसर आले की उठून उभा राहायचो आणि काही कळलं नाही तरी ‘या, या’, म्हणजे हो, हो, म्हणून मान डोलवायचो. लाकडाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बशीरसाहेबांनी हे पाहिलं आणि मला कॅन्टीनमध्ये बसवलं. “मियाँ, इथे ‘या’ म्हणजे समजलं. नाही समजलं तर बोल, कोई छडी नहीं मारेगा!” पुढे दर शनिवारी ते मला शिकवत राहिले. माझी पीएचडी त्या शनिवारांमुळे झाली.

ते श्रीनगरच्या जुन्या शहरातले. तिथल्या जामा मशिदीत देवदाराच्या अखंड खोडांचे खांब आहेत. त्यातल्या एकाला टेकून त्यांचे वडील रोज बसायचे. वडील गेले तेव्हा साहेबांना जाता आलं नाही. नंतर दुरुस्तीत खांब बदलतायत असं कानावर आलं आणि जायचा धीरच होईना.

“घरी विचारा की,” मी म्हणालो.

“घरवाले? उनके हिसाब से सब ठीक हैं. जो मर गए, वो भी!”

२००६च्या सुट्टीत मीच श्रीनगरला निघालो. “फोनवर तू ‘या, या’ करशील. लिहून कळव,” ते म्हणाले.

मशिदीत शिरलो आणि गांगरलो... सगळे खांब सारखेच! शेवटी एका वृद्ध गृहस्थांना साहेबांच्या वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी माझा हातच धरला. “जर्मनी वाला बशीर? डरपोक कहीं का!” आणि मला थेट त्या खांबापाशी नेलं.

उर्दू लिपी मला येत नव्हती, म्हणून त्याच संध्याकाळी मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पत्र लिहिलं. ते वाचून साहेबांनी तिकीट काढलं, गावी जाऊन आले आणि पुढेही जात राहिले. ते पत्र मराठीत असं :

“आदरणीय बशीरसाहेब,

खांब आहे, पण पूर्ण जुना नाही. खाली, गुडघ्याच्याही खाली, लाकूड कुजलं होतं. तेवढं कापून नवं देवदार बसवलंय. सांधा हाताला लागतो. पाठ टेकते तो भाग जुनाच आहे, गुळगुळीत. मी टेकून बसून पाहिलं. मला खांबापाशी नेणारे तुमचे गुलामचाचाच आता तिथे बसतात. म्हणाले, जागा राखून ठेवलेली नाही, हवी असेल तर येऊन भांड.”