कपाटातला दिवा आणि पुढची चिप

बाळांनो, मी नवा संगणक घेतला तो तुम्हाला न सांगता, हे तुमच्या आईकडून कळलेच असेल. फोनवर तुम्ही दोघे एकदम बोलता आणि माझे अर्धे राहते. म्हणून सगळे आत्ताच लिहून ठेवते.

अलोऱ्याच्या वसाहतीत आम्ही गणपतीत नाटक बसवत असू. आजोबा तिथल्या वीजप्रकल्पावर इंजिनियर, स्टेजवर मात्र कायमचे हवालदार. त्या नाटकांच्या व्हिडिओ कॅसेटी खेडला राहायला आल्यावर मी कपाटात ठेवल्या आणि दर पावसाळ्यात आत पिवळा बल्ब जळत ठेवला. इथे घरोघरी ठेवतात. त्याच्या उबेने बुरशी धरत नाही. पुढे घरातले सारे बल्ब काढून एलईडी लावले, तेव्हा कपाटातलाही बदलला गेला. उजेड छान पडला, ऊब गेली. गेल्या पावसाळ्यानंतर कपाट उघडले तर टेपवर पांढरी बुरशी.

कॅसेटी पुसून संगणकावर उतरवायला घेतल्या. जुन्या संगणकाला ते झेपेना. आजोबांचे ओठ आधी हलत, आवाज मागून येई.

"आजी, आत्ता घेऊ नकोस," थोरल्या, तू म्हणालास. "नवे प्रोसेसर येतायत. सॉकेटच बदलणार, म्हणजे आजच्या मदरबोर्डवर ते बसणार नाहीत."

"दिवाळीतही येणारच होते ना रे?"

"ते आले. हे त्यांच्या पुढचे. खराब चित्र सुधारायला त्यात वेगळा भाग असेल. आणि तापतही नाहीत फारसे."

"न तापणाऱ्या वस्तूने काय केलं ते बघितलंय मी."

मागून धाकटे, तू ओरडलीस, "दादा, गप बस आता!"

थोरल्या, तुझे म्हणणे चूक नव्हते. इंग्रजी माझेही बरे आहे. येणाऱ्या चिपांबद्दल मिळेल ते वाचले. त्या वेगवान असतीलच. पण चित्र सुधारायला आधी चित्र उरायला हवे, आणि बुरशी कुणाची वाट बघत नव्हती.

स्टँडजवळच्या दुकानदाराने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, लॅपटॉप पुढे केला. "बाई, हलका आहे. नातवंडांकडे जाताना नेता येईल."

"मी नाही जात. तीच येतात."

"मग डेस्कटॉप घ्या. पण पुढची चिप या बोर्डावर बसेल असं मी सांगणार नाही हां."

"नको सांगूस. आज चालेल?"

"पळेल, बाई."

पळाला. ओठ आणि आवाज एकत्र आले. काही कॅसेटींची टेप मात्र चिकटून बसली होती. मी नायिका होते ती त्यातलीच, तेव्हा माझ्या अभिनयाबद्दल माझ्याच शब्दावर विश्वास ठेवा. कपाटात पुन्हा पिवळा बल्ब लावला आहे.

शेवटच्या नाटकाचा तिसरा अंक सबंध उतरला. हवालदाराची मिशी सुटते, आजोबा ती बोटाने दाबून धरतात आणि वाक्य पुरे करतात. तेवढे आहे, आवाजासकट.